‘मी आपली बोटीवरच बसते’

ताई,
डिसेंबरच्या सुट्टीत गॅल्व्हस्टनहून सुटणाऱ्या क्रूझवर आम्ही सहा जण निघालोय. आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. वाटेत मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर एक दिवस मिळतो, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. त्या एका दिवसावरून घरात महिनाभर चर्चासत्र चालू आहे. ह्यांचं म्हणणं, मेक्सिकोपर्यंत जातोय तर तुलुमची देवळं आणि तिथला किनारा बघायचाच, आईंना देवळांची आवडही आहे. मुलीला एल सिएलोचे तारामासे बघायचेत. धाकट्याला घसरगुंड्या हव्यात. सासरे म्हणतात, कृष्णेच्या पुरात पोहलोय, मला कुठेही टाका. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पोहता येत नाही, त्या शाकाहारी आहेत आणि म्हणतात, ‘तुम्ही सगळे जा, मी आपली बोटीवरच बसते.’ क्रूझच्या यादीत किनाऱ्याच्या सहलींची पानंच्या पानं आहेत आणि सगळे फोटो सारखेच निळे. काय निवडू?
– एक वाचक, केटी, टेक्सस

तुझ्या पत्रात पाच जणांना काय हवं ते सगळं आलंय. सहावी तू. तुला काय हवंय ते पत्रभर शोधलं, सापडलं नाही. त्याकडे शेवटी येते. आधी सासूबाई.

‘मी आपली बोटीवरच बसते’ हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून महाबळेश्वरच्या प्रत्येक पॉइंटवर ऐकलंय, तिथे बोटीच्या जागी गाडी असायची एवढंच. ती गाडीत बसायची, आम्ही वर जाऊन धुकं बघून यायचो आणि ‘काही नव्हतंच बघण्यासारखं’ असं तिला सांगायचो. पुष्कळ वर्षांनी तिने कबूल केलं की तिला पायऱ्यांची धास्ती वाटायची, आणि त्याहून जास्त धास्ती आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा होईल ह्याची. तेव्हा सासूबाईंना ‘येणार का?’ असं विचारूच नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘सावलीत खुर्ची, पाय वाळूत, पाणी दहा पावलांवर. जमेल का?’ असं विचार. कोझुमेलला अशी जागा मिळते. माझं ऐकशील तर अख्खा दिवस त्या खुर्चीभोवती बांध. बाकीच्यांच्या इच्छा तिथून जाऊन-येऊन भागतात.

आता नवऱ्याचं तुलुम. ते आधी खोड. तुलुम कोझुमेलवर नाहीच. कोझुमेल हे साधारण ४८ किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद बेट, तुलुम समोरच्या मुख्य भूमीवर. म्हणजे क्रूझवरून उतरायचं, फेरीबोटीत बसून पाऊण तासाने प्लाया देल कार्मेनला लागायचं, तिथून बसने तासभर, मग उन्हात चालत अवशेषांपर्यंत, आणि नंतर हेच सगळं उलट्या क्रमाने. सात तास खर्चून देवळांपुढे दीड-दोन तास मिळाले तर मिळाले. कड्यावरचं ते माया लोकांचं प्राचीन शहर आणि खाली हिरवंनिळं पाणी, देखणं आहे, वादच नाही. पण ते कान्कूनला चार दिवस राहाल तेव्हा बघा. शिवाय डिसेंबरात तिकडे ‘नोर्ते’ सुटतो, उत्तरेचा दांडगा वारा. त्या वाऱ्यात मी त्या फेरीतून गेलेय. निम्मी फेरी समोरच्या कागदी पिशवीकडे बघत बसली होती आणि त्या निम्म्यांत मी होते.

आईंची देवळांची आवड मात्र बेटावरच भागते, आणि हे क्रूझच्या यादीत तळाशी कुठेतरी असतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बेटाच्या मधोमध, रानात, सान हेर्वासिओ नावाचे माया अवशेष आहेत. उंच पिरॅमिड वगैरे काही नाही. बुटक्या भिंती, एक दगडी कमान, चार-सहा चौथरे, झाडांची सावली आणि चौथऱ्यांवर ऊन खात पडलेले भलेमोठे सरडे. पण हे ईशचेलचं ठाणं. ईशचेल म्हणजे मायांची बाळंतपणाची आणि औषधपाण्याची देवी. स्पॅनिश लोक येण्याआधी मुख्य भूमीवरच्या बायका होडग्यांतून ही सामुद्रधुनी ओलांडून इथे यायच्या, पोटी मूल यावं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. (फेरीत माझी जी गत झाली ती आठवून मी त्या बायकांना मनोमन हात जोडले.) जिने जन्मभर श्रावणी शुक्रवारी जिवतीला ओवाळलंय, तिला ही जागा कोणी समजावून सांगायला नको. वाट सपाट आहे, चढण नाही. एका तासात बघून होतं आणि गुडघ्यांनी मध्येच नको म्हटलं तर तिथूनच मागे फिरता येतं. डास मात्र भरपूर, मलम चोपडून जा.

आणि आईंना एक सांग. चिकू मूळचा ह्याच भागातल्या रानांतला. आपला ‘चिकू’ हा शब्दसुद्धा इकडच्या ‘चिकोसापोते’चा तुकडा. त्याच झाडाला चिरे देऊन निघालेला चीक आटवून पूर्वी च्युइंगगम करायचे. घोलवडच्या पेट्यांचं माहेर हे असं समुद्रापार निघालं की सांगलीच्या बाईला मेक्सिको जरा कमी परका वाटेल.

आता पाणी. त्या निळ्या फोटोंना एक मोठी खोड आहे. त्यांत किनारा बेटाच्या कुठल्या बाजूचा ते लिहिलेलं नसतं, आणि कोझुमेलला सगळं त्यावरच ठरतं. पश्चिमेच्या बाजूला मुख्य भूमीचा आडोसा असल्यामुळे पाणी बहुतेक वेळा शांत. क्रूझचे तीनही धक्के त्याच बाजूला. पूर्वेचा किनारा उघड्या कॅरिबियन समुद्रावर. दिसायला तोच जास्त सुंदर: मैलोन्मैल मोकळा, हॉटेलं नाहीत, पांढऱ्या लाटा, रस्त्याकडेला एखादं झावळ्यांच्या छपराचं खाणावळवजा दुकान. यादीत ‘जीपने बेटाची सफर’ असं दिसेल ती इकडे आणते. पण ह्या पाण्याला ओढ आहे. कोकणातला माणूस ज्या सुरात ‘ओढ आहे’ म्हणतो त्या सुरात हे वाच. चेन रिओला खडकांच्या आड एक शांत डबकं आहे, तेवढं सोडलं तर पूर्वेला पाण्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहून वारा खायचा. ज्यांनी कृष्णेचा पूर बघितलाय त्यांना तिकडे नेऊच नकोस. नदीत पोहलेल्या माणसाचा हिशेब असा असतो की प्रवाह एका दिशेने नेतो आणि तिरकं कापत काठाला लागता येतं. समुद्राची ओढ काठापासून लांब नेते. हा फरक सासऱ्यांना किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर समजावायला जाशील तर ते मुद्दाम दहा पावलं पुढे जातील.

पश्चिमेलासुद्धा सगळीकडे वाळू नाही. बराचसा काठ चुनखडीच्या धारदार कातळाचा आहे आणि तिथे शिडी लावून सरळ खोल पाण्यात उतरावं लागतं. चांकानाब हे बागेसारखं ठेवलेलं ठिकाण त्यातलंच. पाण्यात तोंड घातलं की मासे गालाला लागतील इतके. त्यामुळे चांगलं स्नॉर्केल करणाऱ्याला मी डोळे मिटून तिथे पाठवते. आईंना मात्र तिथली शिडी नुसती बघूनच बोट आठवेल. तिथल्या डॉल्फिनबरोबर पोहण्याच्या आणि सी-लायनच्या खेळांच्या जाहिराती तुला जुन्या यादीत दिसतील. मला ते कधीच बघवले नाहीत, आणि २०२५ मध्ये मेक्सिकोने समुद्री सस्तन प्राण्यांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदाही केला. ती ओळ सोडून दे.

वाळूचा उतार हवा तर धक्क्यापासून टॅक्सीने दक्षिणेला. तिथे ओळीने ‘बीच क्लब’ आहेत: पॅराडाइज बीच, मिस्टर सांचोज, नाची कोकोम, प्लाया मिया. क्रूझच्या यादीत ह्यांचंच ‘ऑल इन्क्लूझिव्ह बीच डे’ होतं. म्हणजे एक पट्टा मनगटाला बांधायचा, मग खा-प्या किती ते. इथे जरा थांब आणि घरचा हिशेब मांड. ह्या पट्ट्याची किंमत वसूल होते ती मार्गारिटावर. तुमच्यात पिणारे किती? सासऱ्यांची एखादी बीअर धरली तरी आई एक लिमोनादा घेतील, ‘बर्फ नको’ सांगून, आणि तीच दुपारपर्यंत पुरवतील. त्यांच्यासाठी ऑल इन्क्लूझिव्ह काढणं म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या टेक्सन पोरांच्या दारूला वर्गणी देणं. खाल्ल्याप्याल्याचे पैसे वेगळे द्यायचे, असा पर्याय कुठल्या क्लबात मिळतोय ते आरक्षण करताना बघ.

नाची कोकोम शांत, मोजकीच माणसं घेतात, पण सहा वर्षांचं पोर तिथे अकरा वाजता ‘आता काय?’ विचारेल. घसरगुंड्या आहेत प्लाया मियाला, आणि तिथे तेवढाच गलका. मी म्हणते, घसरगुंडी तुमच्या क्रूझवरही असणार. तिथे रांग लावून हवं तेवढं घसरू दे त्याला. वाळू बोटीवर नाही. एक बादली आणि एक फावडं घरूनच घेऊन जा. बाकी ओल्या वाळूत खड्डा खणणारं पोर आणि त्यात पाणी आणून ओतणारे आजोबा ही करमणूक दोन तास चालते, आणि आजोबा गुडघाभर पाण्याच्या पुढे जात नाहीत. ‘तो एकटा पाण्याकडे जातो हो, तुम्ही लक्ष ठेवाल का?’ एवढंच म्हण. लाइफ जॅकेटचं तू किंवा नवऱ्याने सांगू नये, तिथल्या माणसाकडून ‘नियम आहे’ असं वदवून घ्यावं. परक्याने सांगितलेला नियम आपल्याकडची वडीलधारी माणसं निमूट पाळतात, हे तुला मी सांगायला हवं का?

मी तुझ्या जागी असते तर पॅराडाइज बीच घेतलं असतं: वाळू, पोहण्याचा मोठा तलाव, छपराखाली खुर्च्या. खुर्च्या लाउडस्पीकरपासून लांबच्या टोकाला मागून घे, पोचल्या-पोचल्या. आणि जायचं ते स्वतः टॅक्सी करून. तोच क्लब क्रूझकडून घेतला की महाग पडतो, सहा जणांत तो फरक चांगलाच जाणवतो. टॅक्सीला मीटर नाही, दर ठरलेले असतात. सहा जण म्हणजे व्हॅन लागेल. बसण्याआधी आकडा विचार आणि तो माणशी आहे की गाडीचा, हेही विचार.

एका गोष्टीचे पैसे मात्र क्रूझलाच दे: मुलीच्या तारामाशांचे. एल सिएलो म्हणजे आकाश. बेटाच्या नैर्ऋत्येला पांढऱ्या वाळूवरचं इतकं नितळ पाणी की होडीची सावली तळावर हलताना दिसते, आणि त्या वाळूवर तळहातापेक्षा मोठे केशरी तारामासे. तिथे फक्त होडीने जाता येतं. पाणी डोक्यावरून जाईल एवढं आहे. जवळच्या एल सिएलितोला कंबरभर पाणी आणि पाकटं (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) फिरत असतात, कोकणातली तीच पाकटं. तिथे पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं म्हणजे ती आपणहून बाजूला होतात. हा कार्यक्रम बापलेकीचा. बाकी चौघांनी त्या होडीत बसून लाटा मोजण्यात अर्थ नाही. मुलीला निघण्याआधी बजाव: तारामासा पाण्याबाहेर काढून फोटो काढायचा नाही. त्याचा श्वास पाण्यावर चालतो, बाहेर तो गुदमरतो. हा भाग १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यानात मोडतो. एखादा होडीवाला उचलून हातात देऊ लागलाच तरी तिने हात मागे घ्यावा. सनस्क्रीन चोपडून प्रवाळांवर जायचंही तिथे चालत नाही. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घे दोघांना.

होडीची सहल क्रूझकडूनच का? कारण होडी लांब जाते, वाऱ्यावर अवलंबून असते, आणि क्रूझने विकलेली सहल उशिरा परतली तर क्रूझ थांबते. तुम्ही बाहेरून ठरवलेल्या सहलीसाठी ती थांबत नाही. धक्क्यावरून धावत येणाऱ्या माणसांना वरच्या डेकवरून टाळ्या वाजवणारी गर्दी मी बघितलेय, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, ह्याची आता लाज वाटते. दुसरं, नोर्तेमुळे बंदर बंद झालं किंवा क्रूझ कोझुमेलला लागलीच नाही, असं डिसेंबरात होतं. तेव्हा क्रूझकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात. क्लबात स्वतः पैसे भरशील तर रद्द करण्याची अट आधी वाच.

आता घड्याळ. हे नीट वाच, कारण इथे आम्ही स्वतः आपटलोय. किन्ताना रो, म्हणजे हे बेट ज्या राज्यात आहे ते, २०१५ पासून बारा महिने एकाच वेळेवर चालतं, घड्याळ पुढे-मागे करत नाही. टेक्सस करतं. त्यामुळे डिसेंबरात बेट टेक्ससच्या एक तास पुढे असतं. क्रूझ गॅल्व्हस्टनच्या वेळेवर चालली तर बोटीवर आठ तेव्हा बेटावर नऊ. पहिल्या खेपेला आम्ही एका होडीवाल्याला नऊची वेळ दिली होती. बोटीच्या घड्याळाप्रमाणे नऊ वाजता, पाच मिनिटं आधीच, ऐटीत पोचलो. त्याचे दहा वाजले होते. होडीही गेली आणि पैसेही. त्याची काही चूक नव्हती. तेव्हा कुठल्याही आरक्षणावर ‘बेटाची वेळ की बोटीची?’ हे लिहून घे. काही क्रूझ बेटाशी घड्याळ जुळवून घेतात, आदल्या रात्री घोषणा होते. आणि फोनवर भरवसा नको, तो किनाऱ्याचं नेटवर्क दिसलं की मुकाट्याने वेळ बदलतो. मनगटावर साधं घड्याळ बांध, बोटीच्या वेळेचं. तुमच्या बाबतीत फोन चुकला तर तुम्ही लवकर परताल, नुकसान नाही. उन्हाळ्यात मायामीहून जाणाऱ्यांचं उलटं होतं: फोनवर चार, बोटीवर पाच.

खाण्याचं. दशम्या-चटणी किंवा केळी बांधून उतरू नकोस. बोटीवरचं ताजं अन्न आणि फळं बेटावर न्यायला मनाई असते, उतरताना काढून घेतात. बंद पाकिटातली बिस्किटं चालतात. शाकाहाराचा घोळ मेक्सिकोत मांसाच्या तुकड्यात नसतो, तो न दिसणाऱ्या गोष्टींत असतो. घोटलेल्या काळ्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ही ओळ पाठ कर: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका.’ मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. ग्वाकामोले (ॲव्होकॅडोची चटणी), चीजची केसादिया (भरलेली पोळी), चिरलेल्या कांदा-टोमॅटोची साल्सा, हे आईंना चालेल आणि आवडेल. केशरी रंगाची साल्सा दिसली तर मात्र सांगलीचा अभिमान बाजूला ठेवून आधी बोटावर घेऊन चाखा. हाबानेरो असते ती, जहाल मिरची.

सासू-सासऱ्यांच्या कागदपत्रांचं पत्रात काही नाही, म्हणून विचारते. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण परत येताना ते अमेरिकेत नव्याने प्रवेश करणार, तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते पासपोर्ट उघडून आजच बघ. तिकीट काढलं असलं तरी बघ.

तर दिवस असा, सगळ्या वेळा बोटीच्या. साडेआठला बापलेक होडीकडे. तुम्ही चौघं व्हॅनने सान हेर्वासिओ, तासभर, आणि अकराच्या आत क्लबात. बापलेक होडीवरून उतरले की टॅक्सीने तिथेच. सव्वातीनला सगळे निघा. बोटीवर परतण्याची शेवटची हाक साडेचारची असेल असं धरून चाल, आणि वाटेत चांदीच्या दुकानांसाठी टॅक्सी थांबवायची नाही.

राहिलीस तू. अकरापासून नवरा येईपर्यंत वाळू, बादली, सासरे, साल्सा, सनस्क्रीन सगळं तुझ्याच अंगावर आहे, हे मला दिसतंय. म्हणून आईंच्या शेजारी दुसरी खुर्ची आत्ताच तुझ्या नावाने मागून ठेव, तिच्यावर टॉवेल आणि पिशव्या टाकू देऊ नकोस. दीड वाजता नवरा आला की धाकटा त्याच्या हवाली कर, डोळ्यांवर टोपी ओढ आणि तीनपर्यंत कोणी कितीही हाका मारल्या तरी ओळख देऊ नकोस.